देवाचा कौल आणि माणसाचा निर्णय

पुण्यासारख्या शहरांत कोणतेंही मोठें कार्य देवास विचारल्यावांचून सहसा होत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. लग्न ठरलें कीं पहिली पत्रिका कसब्यांतल्या गणपतीपुढें जाते. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं नव्या वहीच्या पहिल्या पानावर जमाखर्चाच्या आधीं ‘श्री’ उमटते. नवी मोटार दारांत येते न येते तोंच तिच्या चाकांखालीं लिंबें चिरडलीं जातात. आणि जागेचा विसार देतांना दस्तऐवज पाहणारा वकील एक वेळ राहून जाईल, पण मुहूर्त पाहणारा जोशी राहून जात नाहीं. लक्ष्मी रस्त्यावरील सराफ काय, भवानी पेठेंतील अडत्या काय, किंवा परदेशच्या कंपनींत संगणकावर काम करणारा त्यांचा सुशिक्षित चिरंजीव काय, या बाबतींत तिघांचें वर्तन सारखेंच. विद्या वाढली, यंत्रें वाढलीं, परंतु निर्णयाच्या घटकेस माणसाच्या मनाची जी घालमेल होते ती कांहीं कमी झाली नाहीं. आणि घालमेल आहे तोंवर मनुष्य आपल्याहून थोर अशा कोणाकडे तरी पाहणारच.

या आचारांची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. सुधारकांच्या लेखणीस टवाळीची जी खोड लागलेली आहे तिनें सुधारणेचें काम पुढें जाण्यापेक्षां मागेंच अधिक सारलें, असें आमचें मत झालेलें आहे. ज्याच्या घरीं मुलीच्या लग्नाचा प्रश्न पडला आहे, किंवा ज्याचा तीन पिढ्यांचा धंदा भाऊबंदकींत विभागला जावयाचा आहे, तो रात्रीं देवापुढें समई लावून बसला तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळेंच. तो मनुष्य देवापुढें बसून नेमकें काय मागतो? आपला मार्ग दिसावा म्हणून प्रकाश मागतो, कीं आपण अगोदरच ठरविलेल्या गोष्टीवर देवाची सही मागतो? आणि उत्तर म्हणून त्यास जें कांहीं मिळतें, त्याचा भार अखेरीस कोणाच्या डोक्यावर पडतो?

कोंकणांतून पुण्यास येऊन स्थायिक झालेलीं हजारों कुटुंबें या शहरांत आहेत. त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अद्यापि मोठा प्रश्न पडला म्हणजे गांवच्या देवास कौल लावण्याची चाल आहे. गोव्यांत यासच प्रसाद घेणें म्हणतात. देवाच्या मूर्तीस अथवा पाषाणास पाण्यानें भिजविलेल्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवावयाचे, गुरवानें अथवा मानकऱ्यानें यजमानाच्या वतीनें गाऱ्हाणें घालावयाचें, आणि मग सर्वांनीं श्वास रोखून वाट पाहावयाची. बहुधा उजवी कळी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार. ठिकाणपरत्वें या खुणांत थोडाफार फरक असतो. मालवण तालुक्यांतील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर लाखों लोकांची. परंतु तिला पंचांगांतली ठराविक तिथि नाहीं, दरवर्षीं देवीचा कौल घेऊनच तिचा दिवस ठरतो, आणि मग मुंबई-पुण्याचे चाकरमाने त्याप्रमाणें रजा टाकतात व गाड्यांचीं तिकिटें काढतात. या कौलाविरुद्ध आमची कांहींएक तक्रार नाहीं. जत्रेचा दिवस सोमवारीं आला काय कीं बुधवारीं आला काय, त्यांत कोणाचें अकल्याण होत नाहीं. उलट हा दिवस अमक्या घराण्यानें ठरविला, तमक्या पुढाऱ्यानें ठरविला, असा तंटा गांवांत उरत नाहीं, हा एक लाभच म्हणावयाचा. ज्या प्रश्नाचीं दोन्हीं उत्तरें सारखींच निरुपद्रवी आहेत, त्याचा निकाल पाकळीनें केला तर केला.

पण तीच पाकळी जेव्हां एखाद्या मुलीचें शिक्षण पुढें चालवावें कीं नाहीं हें ठरवूं लागते, एखाद्या आजाऱ्यास शहराच्या इस्पितळांत न्यावें कीं गांवींच ठेवावें हें ठरवूं लागते, किंवा विधवा सुनेच्या नांवें नवऱ्याचा हिस्सा करावा कीं करूं नये हें ठरवूं लागते, तेव्हां मात्र गप्प बसणें आम्हांस शक्य नाहीं. ओली पाकळी दगडास चिकटते ती पाण्यानें, आणि ओल कमी झाली म्हणजे ती गळते. कोणती आधीं गळेल हें ती किती भिजली होती, कोणत्या बाजूस वारा होता आणि चिकटविणाऱ्याचा हात कसा होता यांवर अवलंबून असतें. हें त्या गुरवासही ठाऊक असतें. परंतु याहूनही मोठी गोम प्रश्नांत असते. प्रश्न कसा विचारावयाचा हें देव ठरवीत नाहीं, पाकळी ठरवीत नाहीं. तें घरांतला कर्ता पुरुष ठरवितो. ‘सुनेला हिस्सा न देणें हें न्यायाचें आहे काय?’ असा प्रश्न कोणत्या घरानें देवास घातला असेल? प्रश्न असा असतो, कीं ‘घराची जमीन घरांतच राहावी ना, महाराजा?’ अशा प्रश्नाला देव तरी दुसरें काय उत्तर देणार! आणि इतकेंही करून डावी पडलीच, तर शब्द फिरवून पुनः विचारण्याची सोय आहेच. आमच्या अनुभवांत तरी पहिल्या नकारावर थांबलेला यजमान विरळा.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिडियाचा राजा क्रीसस याची जी कथा सांगितली आहे ती या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं. इराणच्या सायरसवर चाल करावी कीं नाहीं हें त्यानें डेल्फीच्या देवतेस पुसलें. तूं चाल केलीस तर एक मोठें साम्राज्य नष्ट होईल, असें उत्तर आलें. क्रीसस हर्षभरित होऊन निघाला, आणि साम्राज्य नष्ट झालें खरें, पण तें त्याचें स्वतःचें. पुढें त्यानें देवतेस दोष दिला तेव्हां पुजाऱ्यांनीं त्यास बजावलें, कीं कोणतें साम्राज्य हें तूं विचारलेंच नाहींस. अडीच हजार वर्षांपूर्वींची ही गोष्ट. परंतु आमच्या बाजारपेठेंत भागीदारीचे कागद करण्यापूर्वीं जोशाकडे जाणाऱ्या कितीएकांस ती आजही लागू पडते. भागीदाराची पत कशी आहे, त्याच्यावर किती कर्ज आहे, हें न विचारतां ‘योग कसा आहे’ एवढेंच ते विचारतात.

येथें कोणी म्हणेल, कीं कौल निराळा आणि ज्योतिष निराळें. ज्योतिष हें शास्त्र आहे. बरें तर, शास्त्र म्हणून त्याची परीक्षा आमच्याच शहरांत झालेली आहे. २००८ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनीं, पुणें विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, श्री. प्रकाश घाटपांडे आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या साह्यानें एक साधा प्रयोग केला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशें कुंडल्या जमविल्या. त्यांतल्या सरमिसळ करून चाळीस चाळीस कुंडल्या प्रत्येक ज्योतिष्याकडे पाठविल्या. आणि यांतली हुशार मुलाची कोणती व मतिमंदाची कोणती एवढेंच सांगा, अशी विनंति केली. सत्तावीस ज्योतिष्यांचीं उत्तरें आलीं. त्यांच्या बरोबर उत्तरांचें सरासरी प्रमाण शेंकडा ४६ पडलें. एका संस्थेनें सर्वच्या सर्व दोनशें कुंडल्या पाहिल्या. तिचीं शेंकडा ५१ उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे नाणें उडवून जें साधलें असतें तितकेंच. हे निष्कर्ष २००९ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्यानंतर पुण्यांत पत्रिका पाहण्याचें प्रमाण कमी झालें, असें मात्र आम्हांस दिसत नाहीं. त्याचें कारण आमच्या मतें असें, कीं पत्रिका पाहणारा भविष्य पुष्कळदां शोधीतच नसतो. तो सबब शोधीत असतो. स्थळ मनांत भरलें नाहीं, हुंड्याचें जमलें नाहीं, मुलीचा वर्ण पसंत पडला नाहीं, तर तसें तोंडावर सांगण्याचा प्रसंग ‘पत्रिका जुळत नाहीं’ या तीन शब्दांनीं टळतो. मंगळ बिचारा आकाशांत आपल्या मार्गानें फिरत असतो, आणि इकडे त्याच्या नांवावर कोणा मुलीचें लग्न पांच वर्षें अडून राहतें.

मुहूर्ताचीही तीच गत. टिळक पंचांगाचें गणित प्रचलित पंचांगांहून निराळें असल्यामुळें कधीं कधीं अधिक मास वेगळा पडतो आणि सण चक्क एका महिन्याच्या अंतरानें येतात. लोकमान्यांस गणित शुद्ध हवें होतें, मुहूर्ताचा बडेजाव नको होता, हा भाग वेगळा. परंतु एकाच शहरांत, एकाच गणपतीचें आवाहन दोन घरें दोन महिन्यांत करितात आणि दोन्हीं घरें सुखानें नांदतात, यावरून मुहूर्ताच्या पळांत किती सामर्थ्य आहे तें ज्याचें त्यानें पाहावें. शकुनांचा तर इतिहासही आहे. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीच्या लढाईस मराठ्यांची फौज पुण्याबाहेर पडली त्या वेळीं जरीपटक्याची काठी मोडली आणि अपशकुन झाला, असें ग्रँट डफ नमूद करितो. लढाई हरली तेव्हां लोकांस ती काठी आठवली. परंतु दुसरा बाजीराव स्वतः पर्वतीवर उभा राहून लांबून लढाई पाहत होता, ही गोष्ट त्या काठीपेक्षां अधिक महत्त्वाची होती असें आम्हांस वाटतें.

तर मग ईश्वराकडून मार्गदर्शन घेणें ही सारी भ्रांतीच काय? तसेंही आम्ही म्हणत नाहीं. महाराष्ट्राच्याच इतिहासांत याचे जे थोर दाखले आहेत त्यांकडे पाहिलें म्हणजे खऱ्याखोट्याचा कस कांहींसा हातीं लागतो.

अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं शिवाजीमहाराजांस भवानीचा साक्षात्कार झाला व यश देण्याचें अभिवचन मिळालें, असें कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत सांगितलें आहे. साक्षात्काराची गोष्ट ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावी. आमचें लक्ष वेधतें तें पुढील मजकुराकडे. देवीचें वचन मिळालेला हा पुरुष निवांत झोंपीं गेला नाहीं. त्यानें अंगरख्याखालीं चिलखत घातलें, वाघनख आणि बिचवा जवळ ठेविला, जावळीच्या रानांत फौजा दडविल्या, तोफेच्या इशाऱ्याचा संकेत ठरविला, आणि आपलें बरेंवाईट झालें तर राज्य कसें चालवावें याचीही व्यवस्था सांगून ठेविली. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जें घडलें त्यांत देवीचा वांटा किती आणि चिलखताचा किती, हा वाद आम्ही घालीत नाहीं. महाराजांनीं तो घातला नाहीं. त्यांनीं दोन्हीं बरोबर नेलीं. देवाचा कौल मिळाला म्हणून विम्याचा हप्ता चुकविणारे, वैद्याचें औषध बंद करणारे आणि कराराचा कागद न वाचतां सही ठोकणारे जे आमचे बांधव आहेत, ते महाराजांचें नांव तर घेतात. पण चिलखत विसरतात.

दुसरा दाखला एका दुकानदाराचा आहे, म्हणून आमच्या व्यापारी वाचकांनीं तो विशेष लक्षांत घ्यावा. देहूचे तुकोबा हे वाणी. घरांत सावकारी चाले. दुष्काळांत दिवाळें निघालें, पहिली पत्नी अन्नावांचून गेली. परंपरागत चरित्रांत असें सांगितलें आहे, कीं ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन एकांतांत बसले, आणि धाकटा भाऊ कान्होबा शोधीत आला तेव्हां खालीं उतरून त्यांनीं लोकांकडून येणें असलेल्या कर्जाच्या खतांचे दोन भाग केले. एक भाग भावाच्या हातीं दिला आणि आपला भाग इंद्रायणीच्या डोहांत सोडला. या कथेंतली वांटणी पाहा. देवानें मला सर्वसंगपरित्याग करावयास सांगितला, तेव्हां तुझाही हिस्सा नदींत, असें तुकोबांनीं भावास सांगितलें नाहीं. आपल्याला जो आदेश झाला त्याची किंमत त्यांनीं आपल्याच हिश्शांतून चुकती केली, आणि ज्याला तो आदेश झालेला नव्हता त्याचा हक्क पैपर्यंत त्याच्या पदरांत घातला. आम्हांस वाटतें, बाजारांतला मनुष्यच इतका चोख हिशेब ठेवूं शकला.

आतां सर्वांत बिकट प्रकरण. तेंही पुण्याचेंच आहे, आणि तें सोडून जाणें हें भ्याडपणाचें होईल.

१९३३ सालीं महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत होते. एप्रिलच्या अखेरीस त्यांनीं जाहीर केलें, कीं अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यांत आत्मशुद्धीसाठीं आपण ८ मे पासून एकवीस दिवसांचा उपवास करणार. उपवास सुरू झाला त्याच दिवशीं सरकारनें त्यांस सोडलें. उरलेले दिवस त्यांनीं ठाकरसीबाईंच्या ‘पर्णकुटी’ या बंगल्यांत काढले आणि २९ मे रोजीं उपवास सोडला. या उपवासाचें कारण त्यांनीं जें सांगितलें तें असें, कीं रात्रीं मनांत प्रचंड झगडा चालला असतां आपणांस स्पष्ट आवाज ऐकूं आला, आणि सारें जग विरुद्ध गेलें तरी तो ईश्वराचा आवाज होता ही आपली खात्री ढळणार नाहीं. पुण्याहूनच निघूं लागलेल्या ‘हरिजन’ साप्ताहिकांत त्यांनीं हें पुढें विस्तारानें लिहिलें. असा दावा करण्याचा अधिकार दीर्घ संयमानेंच येतो, वाटेल त्यानें तो करूं नये, हेंही त्यांनीं बजावलें होतें. रवीन्द्रनाथांनीं पत्रें लिहून या उपवासास विरोध केला. जवाहरलालजींस तर आपल्याला न समजणाऱ्या विषयांत काय बोलावें हेंच सुचेना.

१९३३ च्या या उपवासाविषयीं आमचें मन आदरानें नमतें. त्यांत कोणाकडून कांहीं मागितलेलें नव्हतें, कोणावर अट घातलेली नव्हती. आदेश ज्याला झाला, त्याच्याच देहानें तो सोसला. परंतु त्याच्या आधींच्या वर्षाचें काय? सप्टेंबर १९३२ चा उपवासही ईश्वराच्याच नांवानें, त्याच्याच कार्यासाठीं आणि नम्रपणें सांगावयाचें तर त्याच्याच हांकेवरून आपण आरंभिला आहे, असें गांधीजींनीं लिहिलें होतें. तो मात्र अस्पृश्यवर्गास ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्यानें मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध होता. त्या हांकेचा भार गांधीजींच्या कुडीवर पडला हें खरें; पण तो तितकाच डॉ. आंबेडकरांच्या डोक्यावर पडला. हजारों वर्षें गांवकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाच्या या प्रतिनिधीस एका बाजूस आपल्या लोकांचा हक्क आणि दुसऱ्या बाजूस देशांतल्या सर्वांत पूज्य पुरुषाचा प्राण, यांतून निवड करावी लागली. २४ सप्टेंबरास येरवड्यास करार झाला. निवाड्यांतल्या ७१ स्वतंत्र जागांऐवजीं संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा मिळाल्या, ही गोष्ट कोणी नाकारीत नाहीं. परंतु डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत या उपवासाची किती कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली तें वाचकांनीं मुळांतून वाचावें. देवानें आंबेडकरांसही कांहीं सांगितलें असेल, त्यांच्या लोकांच्या हजारों वर्षांच्या वेदनेच्या द्वारें सांगितलें असेल, ही शक्यता त्या पांच-सहा दिवसांच्या धांवपळींत कितीजणांच्या मनास शिवली? महात्म्यासारख्या पुरुषाच्या बाबतींत जर हा प्रश्न उरतो, तर ‘मला आंतून असें वाटलें’ म्हणून बायकोचे दागिने गहाण ठेवून सट्टा खेळणाऱ्याच्या आंतल्या आवाजाविषयीं आम्ही काय बोलावें!

पाश्चात्य देशांत क्वेकर म्हणून एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे. त्यांच्यांत पुरोहित नाहीं, मतदान नाहीं. प्रश्न पडला म्हणजे सर्वजण निःशब्द बसतात, ज्याला ईश्वराची प्रेरणा झाली असें वाटेल तो उठून बोलतो, आणि सर्वांचें एकमत होईतों ठराव होत नाहीं. एकट्याचा आवाज भ्रमाचा असूं शकतो, म्हणून तो दहाजणांच्या मौनांत पारखून घ्यावयाचा, ही त्यामागची कल्पना आम्हांस फार आवडते. तरीही हिशेब पुरा मांडला पाहिजे. अमेरिकेंतील जर्मनटाउन गांवच्या कांहीं क्वेकरांनीं गुलामगिरी पाप आहे असें १६८८ सालीं लेखी सांगितलें. फिलाडेल्फियाच्या सभेनें आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ सालीं. मध्यें अठ्ठ्यायशीं वर्षें ते सज्जन लोक देवाच्या प्रकाशाची वाट पाहत शांत बसत होते. त्या सभागृहांत गुलामांस बसवून त्यांस विचारलें असतें, तर उत्तर पहिल्याच रविवारीं मिळालें असतें.

घरचें उदाहरण सांगावयाचें तर न्यायमूर्ति रानड्यांचें सांगितलें पाहिजे, आणि तें सांगतांना आम्हांस आनंद होत नाहीं. प्रार्थनासमाजाचे ते आधारस्तंभ, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. आतां रावसाहेब विधवेशींच विवाह करणार, असें सुधारकांस वाटलें, आणि नेमकें तेंच टाळावें म्हणून वडिलांनीं घाईनें अकरा वर्षांची मुलगी पाहिली. एकतीस वर्षांच्या या विद्वान पुत्रानें विनवण्या केल्या, पण वडिलांचा शब्द मोडला नाहीं. लोकांनीं त्यावर पुष्कळ टीका केली, आणि ती अगदीं अन्यायाची होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. ईश्वरावरील निष्ठा, स्वभावाची शुद्धता, अगाध विद्या, यांतलें कांहींच त्या दिवशीं उणें नव्हतें. उणें होतें तें ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ. पुढें त्यांनीं त्या मुलीस स्वतः शिकविलें, घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध सोसून शिकविलें, आणि त्याच रमाबाईंनीं पुण्याच्या सेवासदनाचा भार वाहिला, ही गोष्ट आम्ही विसरलेलों नाहीं. परंतु चांगल्या शेवटावरून आरंभ योग्य ठरविणें हाही एक कौलच झाला, आणि तो घटना घडून गेल्यावर लावलेला.

महाराष्ट्रांत २०१३ च्या डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं, सकाळच्या फेरफटक्यास निघालेल्या डॉ. दाभोलकरांचा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला होता. ज्या कायद्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली तो त्यांच्या मरणानंतर आला. या कायद्यानें देवाची पूजा, प्रार्थना, वारी, इतकेंच काय पण ज्योतिष सांगणेंही बंद केलेलें नाहीं, हें त्याच्या विरुद्ध ओरड करणाऱ्यांनीं एकदां तरी वाचून पाहावें. साप, विंचू किंवा कुत्रें चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्र घालीत बसणें हा मात्र गुन्हा आहे. सरकारनें रेघ ओढली ती बरोबर ठिकाणीं ओढली, असें आमचें मत आहे. ज्याच्या अंगांत विष चढत आहे त्याच्या वतीनें दुसऱ्यानें देवास कौल लावीत बसावें, हें कोणत्याही धर्मांत बसत नाहीं.

परंतु कायद्याच्या रेघेच्या अलीकडेही पुष्कळ कांहीं राहतें. आमच्या शहरांतील बाळंतपणाच्या इस्पितळांतून आतां एक नवीच तऱ्हा चालू झाली आहे. पोट चिरून प्रसूति करावयाची ठरली म्हणजे घरचीं माणसें जोशाकडून दिवस, तास आणि मिनिट काढून आणतात, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातीं देतात. शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असेल आणि दिवस एकदोन इकडेतिकडे झाल्यानें अपाय नसेल, तर डॉक्टर कुरकुरत कां होईना, पण मान्य करितात. पण मुहूर्त पहाटे तीनचा असतो, भूल देणारा त्या वेळीं मिळत नाहीं. किंवा गर्भाचे दिवस पुरते भरलेले नसतात, आणि आठवड्यानें येणारा योग मात्र तितका शुभ नसतो. मग दालनाबाहेर आजोबा, आत्या, मामा यांची सभा बसते. एकजण डॉक्टरांचें म्हणणें सांगतो, दुसरा जोशांचें सांगतो, तिसरा दूरध्वनीवरून गांवच्या गुरवास कौल लावावयास सांगतो. पलीकडच्या खाटेवर जी बाई पडलेली असते, तिच्याकडे या सभेंतून कोणीही विचारावयास गेलेलें नसतें.